उणे वीसचं इंजिन, मे महिन्यातलं हैदराबाद

मे महिन्यात सोलापूरहून निघाले तेव्हा माझ्या पिशवीत पितळेचं एक बूच, व्हर्निअर कॅलिपर, एका जुन्या जीपच्या इंजिनाचे बारा फोटो आणि पाण्याच्या तीन बाटल्या होत्या. भाऊ स्टेशनवर सोडायला आला होता. खिडकीतून दशम्यांचा डबा देताना त्यानं विचारलं, "हैदराबादला नक्की कशाला चाललीस?"

"इंजिन गरम करायचा हीटर बनवून घ्यायला."

सकाळचे सहासुद्धा वाजले नव्हते आणि फलाटावरच्या लोखंडी बाकाला हात लावला तर कोमट लागत होतं. "इंजिन गरम करायला," तो परत म्हणाला. "मे महिन्यात. हैदराबादला." गाडी हलली म्हणून त्याच्या पुढच्या प्रश्नांतून मी सुटले.

त्याला जे सांगायचं राहिलं ते इथे सांगते. मी डिझेल मेकॅनिक आहे. बावीस वर्षं मी आय.टी.आय.मध्ये हाच ट्रेड शिकवला. चार वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि हिमाचलात, स्पितीच्या खोऱ्यातल्या एका छोट्या आरोग्यकेंद्रात गेले. तिथली जीप आणि जनरेटर माझ्या ताब्यात असतात. जीप नावालाच जीप, खरं तर ती आमची रुग्णवाहिका. तालुक्याचं रुग्णालय तिथून दीड तासावर, आणि हिवाळ्यात सकाळी तापमान उणे वीस-पंचवीस.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की ती तापते आणि त्या तापानं डिझेल पेट घेतं. पण ओतीव लोखंडाचा इंजिन ब्लॉक उणे वीसला गारठलेला असला, तर दाबलेल्या हवेची ऊब तो गिळून टाकतो. तेल काकवीसारखं घट्ट होतं, बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो. किल्ली फिरवली की इंजिन म्हाताऱ्या माणसासारखं कण्हतं आणि गप्प होतं.

गेल्या जानेवारीत एका पहाटे हेच झालं. गावातले निवृत्त शिक्षक अंगदुई मास्तर चहा पिता पिता एका अंगाला कलंडले. तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना. पक्षाघात. डॉक्टर म्हणाल्या, आत्ता निघायला हवं. मी किल्ली फिरवली. नाही. पुन्हा. नाही. मग गावानं वर्षानुवर्षं जे केलं तेच केलं. पत्र्याच्या घमेल्यात निखारे घालून ते इंजिनाखाली सरकवले. एकदा वायरिंगनं पेट घेतला, तो माझ्या शालीनं विझवला. गाडी सुरू व्हायला तीन तास लागले.

मास्तर वाचले, पण उजवा हात लुळाच राहिला. मार्चमध्ये मी भेटायला गेले तेव्हा ते अडखळत म्हणाले, "गाड़ी की गलती थी, मैडम. आपकी नहीं." त्यांनी धीर द्यायला म्हटलं खरं, पण गाडी माझीच होती.

ज्या देशांत अशी थंडी रोजची असते तिथे यावर साधा उपाय आहे. ब्लॉकच्या कुशीला वाटीसारखी बुचं बसवलेली असतात. त्यातलं एक काढून तिथे विजेची कॉइल बसवायची. ती इंजिनात फिरणाऱ्या कूलंटच्या द्रवात बुडून राहते. निघण्याआधी चार तास प्लग लावला की इंजिन कोमट. आमच्या जीपसाठी मी असा हीटर दोनदा मागवला. दोन्ही वेळा तोंड जुळलं नाही. आमचं मॉडेल जुनं, कारखान्यानं कधीच बंद केलेलं. म्हणजे हीटर बनवून घेणं आलं, आणि बनवला की थंडीत तपासणं आलं. या दोन्हींसाठी मला एकच माणूस आठवला.

गौतम वाघमारे आणि मी नांदेडच्या आय.टी.आय.त एकाच वर्षी होतो. तो रेफ्रिजरेशनला, मी डिझेलला, आख्ख्या ट्रेडमध्ये एकटी मुलगी. मूळचा कंधार तालुक्यातला गौतम गेली पंचवीस वर्षं हैदराबादला एका शीतगृहात मशीन ऑपरेटर आहे. फोनवर मी विचारलं, "तुमच्याकडे उणे वीस मिळेल का रे?" तो म्हणाला, "ताई, माझ्याकडे दुसरं असतंच काय?"

नामपल्ली स्टेशनवर उतरले तेव्हा दुपार टळटळीत होती. फलाटावरच्या पंख्याखाली हमाल पाय पसरून बसले होते. बाहेर गौतम स्कूटर घेऊन उभा. डोक्यावर ओला रुमाल, केस पांढरे, हसू तेच.

"जय भीम, रोहिणीताई! सामान एवढंच?"

"जय भीम. बाकी सामान इथं बनवायचंय."

हिमायतनगरच्या एका मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर त्याचं घर. दारातच बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली कूलर. गौतमची बायको सुमन, तीही नांदेडकडचीच, एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. तिनं ताटात ज्वारीची भाकरी वाढली आणि शेजारी गोंगुरा पच्चडी (अंबाडीची आंबट-तिखट चटणी). भाकरी गावाकडची, चटणी इथली. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्यानंतर मी चटणी परत मागितली.

त्यांची मुलगी प्राची चोवीस वर्षांची. ती संगणकाच्या कंपनीत आहे. "आत्या, तुम्ही इतक्या थंडीत राहता? नक्को बाबा," ती म्हणाली. तिच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' इतके सहज येत होते की हे दख्खनी शब्द आपले की त्यांचे, हे मलाही सांगता आलं नसतं.

ऊन उतरल्यावर गौतम मला सुलतान बाजारात घेऊन गेला. साड्यांची दुकानं, जुन्या पुस्तकांचे ढीग, बांगड्या, मधून वाट काढणाऱ्या रिक्षा. एका कापडदुकानाच्या कडेनं आम्ही बोळात वळलो तशी अत्तराचा वास जाऊन तापलेल्या तारेचा वास आला. तिथे हमीदभाईंचं दुकान. दोन माणसं उभी राहतील एवढी जागा, भिंतभर लटकवलेल्या कॉइली, आणि मध्ये स्टुलावर साठीचे हमीदभाई, नाकावर चष्मा, हातात पक्कड. गीझर, इस्त्री, हॉटेलांच्या मोठ्या शेगड्या, ज्याला गरम व्हायचं असतं ते सगळं चाळीस वर्षं त्यांच्या हातून जातंय.

गौतमनं ओळख करून दिली. हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे. "मेकॅनिक कां हैं?"

"मीच," मी म्हटलं. "मैं ही हूँ."

ते स्टूल माझ्याकडे सरकवून स्वतः उभे राहिले. "बैठो आपा. क्या बनाना?"

मी पितळी बूच काढलं, मापं सांगितली, फोटो दाखवले. त्यांनी कॅलिपर माझ्या हातातून घेऊन सगळं स्वतः परत मोजलं. मला ते आवडलं. मग विचारलं, "कित्ता वॅट?"

"पाचशे."

"पाचशे?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "इत्ते में तो बिर्यानी का चावल बी नै पकता, आपा. दो हजार का बना देतऊं."

आमच्या खोऱ्यात वीज येते-जाते, आणि आली तरी दाब कमी असतो, हे मी समजावलं. एका इस्त्रीपेक्षा जास्त ओढ घेतली तर अर्ध्या गावाचे दिवे मंदावतात. थोडी ऊब, पण चार तास, असं हवं. ते ऐकत राहिले. "हौ," अखेर म्हणाले (हौ म्हणजे हो). "हल्लू हल्लू पकाने का. दम के माफिक. परसों ऐसाइच एक कॉइल बनाया मैं."

माझे कान टवकारले. परवाच कोणीतरी अशीच कॉइल नेली? कोण? कुठल्या गाडीसाठी? हमीदभाई आठवू लागले, आणि हळूहळू उलगडलं की ते 'परसों' म्हणजे सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, आणि कॉइल गाडीची नव्हे, एका हकिमाच्या काढ्याच्या भांड्याची होती. बोळातून बाहेर पडताना गौतम हसून म्हणाला, "ताई, इथं कालच्या आधीचं सगळं परसोंच."

तरीही चौथ्या दिवसाचा वायदा असताना त्यांनी तिसऱ्याच दिवशी दोन कॉइली तयार ठेवल्या. एकीचंच काम होतं. दुसरी कशाला, विचारलं तर म्हणाले, "मैं अकेली चीज नै बनाता. जोडी बनाता." दोन्हींच्या मानेला पितळी चकती आणि काळं रबरी कडं.

आता थंडी हवी होती. गौतमचं शीतगृह शहराबाहेर, औद्योगिक वसाहतीत. बाहेर डांबर मऊ झालेलं आणि आत कामगार कानटोप्या घालून फिरणारे. त्यानं जवळच्या भंगारवाल्याकडून आमच्याच मॉडेलचं इंजिन मिळवून ठेवलं होतं. अपघातात गाडी गेलेली, इंजिन शाबूत. पण ते आत नेण्याची परवानगी द्यायची होती लक्ष्मी मॅडमनी. त्या तिथल्या गुणवत्ताप्रमुख. पन्नाशीच्या, काटक, गळ्यात थर्मामीटरची दोरी.

"नो," त्या म्हणाल्या. मी वाक्यही पूर्ण केलं नव्हतं. "यहाँ मटर है, आइसक्रीम है, मछली है. डीज़ल का स्मेल एक बार आया तो जाता नहीं. वाघमारे, आपको मालूम है ना?"

गौतमनं मान खाली घातली. त्याला माहीत होतं आणि तरी त्यानं माझ्यासाठी विचारलं होतं. मला वाईट वाटलं. मी उठले. पण दारापाशी जाऊन परत फिरले आणि त्यांना मास्तरांची गोष्ट सांगितली. विनवणीच्या सुरात नाही, कामाच्या अहवालासारखी. किती वाजता ते कोसळले, किती वाजता पहिली किल्ली फिरवली, किती वाजता गाडी निघाली.

लक्ष्मी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एकच विचारलं, "और अगर इंजन गरम होता, तो कितने मिनट में निकलते?"

"पाच."

त्यांनी भिंतीवरचा तक्ता पाहिला. "तीन नंबर चेंबर रिकामं आहे," हे त्या गौतमला हिंदीत म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "बुधवारी दुपारी ते धुवायला घेणार. तोपर्यंत तुमचं. इंजिन वाफेनं धुवून आणायचं. आत डिझेलचा एक थेंब नको. सुरू करायचं ते बाहेर, यार्डात. आत नाही, दारातही नाही."

त्या रविवारी करण्यासारखं काही नव्हतं. सकाळी गौतमबरोबर रस्त्याच्या कडेला उभं राहून ताटी मुंजलू (ताडगोळे) खाल्ले. विकणारी बाई विळ्यानं एकेक सोलून पळसाच्या पानावर ठेवत होती, थंड, पाणीदार, जिभेवर घसरणारे. दुपारी मी हीटर वापरायच्या सूचना लिहायला बसले. कूलंट भरल्याशिवाय प्लग लावू नये. वायर जाड वापरावी, अर्थिंग तपासावं. गाडी काढण्याआधी प्लग काढल्याची खात्री करावी. हे मला सुचतं मराठीत, खोऱ्यातल्या ड्रायव्हरांना हवं हिंदीत. प्राची म्हणाली, मी टाईप करून देते.

तिनं माझा कागद हातात घेतला आणि वाचू लागली. एकेक अक्षर जुळवत, जोडाक्षराशी थांबत, पहिलीतल्या मुलीसारखं. "अ... अर्-थिंग. त... तपा-सावं." हिंदी तिनं शाळेत शिकून विसरलेली, टाईपही ती इंग्रजी अक्षरांतून करायची; मराठी फक्त बोललेली. मला वाटलं कागद परत घ्यावा, तोंडी सांगावं. पण गौतमनं स्वयंपाकघराच्या दारातून मला खुणेनं थांबवलं. पंधरा ओळींना अर्धा तास लागला. शेवटची ओळ तिनं न अडखळता वाचली आणि स्वतःच चकित होऊन वर पाहिलं. "पप्पा, हे मी वाचलं." गौतम "हौ, ऐकलं" एवढंच म्हणाला आणि पाणी प्यायला आत गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला.

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही इंजिन ट्रॉलीवर घालून तीन नंबर चेंबरमध्ये ढकललं. कॉइल बसवलेली, कूलंट भरलेलं, बॅटरीही शेजारी ठेवलेली, कारण आमच्याकडे तीही गाडीबरोबरच गारठते. टायमर पहाटे पाचला लावला. दार बंद झालं आणि आम्ही उन्हात आलो. माझ्या चष्म्यावर वाफ धरली.

मंगळवारी सकाळी नऊला दार उघडलं. इंजिन पांढरंशुभ्र झालं होतं, नळ्यांवर, पंख्यावर, सगळीकडे बर्फाची साय. पण ट्रॉलीखाली हिरवं, चिकट कूलंट सांडलं होतं. फ्यूज उडाला होता. मी कॉइल ओढून काढली. काळी ठिक्कर, मधोमध तडकलेली. कूलंट गळून गेलं, कॉइल उघडी पडली आणि कोरडीच जळली.

तरीही आम्ही इंजिन यार्डात आणून, कॉइलच्या जागी पितळी बूच बसवून नवं कूलंट भरलं, डिझेलचा कॅन जोडला आणि मी किल्ली फिरवली. घुर्र. घुर्र. टक्. अगदी तोच आवाज. भर उन्हात, घामानं भिजलेली, मी त्या आवाजानं जानेवारीत जाऊन पोचले. निखाऱ्यांचा वास आला. मी किल्लीवरचा हात काढला आणि ट्रॉलीच्या कडेला बसले. बुधवारी दुपारची माझी गाडी होती. पुन्हा सुट्टी मिळायची ती पुढच्या उन्हाळ्यात, मधे एक आख्खा हिवाळा.

गौतम माझ्याजवळ बसला नाही. तो जमिनीवर उकिडवा होऊन कॉइलच्या मानेचं रबरी कडं बोटांत फिरवत होता. "ताई, हे बघ," तो म्हणाला. कडं लाकडासारखं कडक झालं होतं. दाबलं तर दबत नव्हतं. "थंडीत साधं रबर आखडतं. पितळही आकसतं. फट पडणारच. माझ्या चेंबरच्या दारांना मी साधं रबर कधीच लावत नाही, सिलिकॉन लावतो. आणि थंड झाल्यावर बोल्ट एकदा परत आवळतो. दर वेळी." तो थांबला. "हे मी आधीच सांगायला हवं होतं. माझ्या रोजच्या कामातलं आहे, म्हणून सुचलंच नाही."

आम्ही तडक सुलतान बाजार गाठला. हमीदभाईंनी जळकी कॉइल हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. चाळीस वर्षांच्या कारागिराला स्वतःची चूक दुसऱ्यापुढे पाहणं सोपं नसतं. मग म्हणाले, "सारी उमर गरम का सोचा, आपा. थंड का नै सोचा." त्यांनी जोडीतली दुसरी कॉइल काढली, काळं कडं ब्लेडनं कापून टाकलं आणि गौतमनं आणलेलं सिलिकॉनचं कडं तिथे बसवू लागले. चकतीची खाच थोडी खोल करावी लागली. कानशीनं घासताना मध्येच थांबून म्हणाले, "सुबु मैं बी आतऊं. मेरेकू देखना है."

संध्याकाळी डिझेल काढून, वाफेनं परत धुवून, नवी कॉइल बसवलेलं इंजिन पुन्हा आत गेलं. दोन तासांनी गौतम कानटोपी घालून आत गेला आणि बोल्ट परत आवळून आला. पाव आटा फिरला, म्हणाला.

बुधवारी सकाळी हमीदभाई आले ते पाहून फाटकावरचा पहारेकरीही हसला. बाहेर कातडी सोलणारं ऊन, आणि अंगात लोकरी स्वेटर, गळ्यात मफलर, वर बायकोची शाल. सगळ्याला डांबराच्या गोळ्यांचा वास. "हज के वास्ते बुनी थी बेगम, रात में वहाँ ठंडी होती बोलके," ते संकोचून म्हणाले. "आज काम में आई."

नऊ वाजता लक्ष्मी मॅडम स्वतः आल्या. दार उघडलं. मी आधी जमीन पाहिली. कोरडी. मग इंजिन. नळ्या, पंखा, झाकण सगळं कालच्यासारखंच पांढरं, पण ब्लॉकच्या कुशीपाशी, हीटरच्या सभोवती, परातीएवढ्या जागेत बर्फ नव्हता. तिथलं लोखंड ओलं, काळं, चमकत होतं. मी हातमोजा काढून तळहात टेकवला. कोमट. तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळाइतकंही नाही, नुसतं झोपेतून उठलेल्या अंगासारखं. हमीदभाईंनी शालीतून हात काढून माझ्या हाताशेजारी ठेवला. मग गौतमनं ठेवला. त्या उणे वीसात आम्ही तिघं त्या इंजिनाला हात लावून उभे होतो.

"जल्दी, मॅडम," लक्ष्मी मॅडम म्हणाल्या. "बाहेर की गर्मी से शुरू हुआ बोलेंगे लोग."

ट्रॉली पळवत यार्डात आणली. गौतमनं कॅन जोडला. बर्फाचे पोपडे उन्हात तडतडून पडू लागले. हमीदभाई "बिस्मिल्ला" म्हणाले. मी किल्ली फिरवली.

इंजिन दीड फेरा फिरलं आणि लागलं. पांढऱ्या धुराचा एक लोट आला, मग ठोके एका तालात पडू लागले, आणि ती गाडीवाचूनची गाडी ट्रॉलीवर धडधडत, बर्फ उडवत उभी राहिली. हमीदभाई मोठ्यानं हसले आणि त्याच शालीनं डोळे पुसले. गौतमनं माझा खांदा दाबला.

लक्ष्मी मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. पूर्ण एक मिनिट त्यांनी इंजिन चालू दिलं. मग म्हणाल्या, "बस. मेरा यार्ड काला हो रहा है." आणि आत वळता वळता, "और कितनी गाड़ियाँ हैं वहाँ, ऐसी?"

"खोऱ्यात पाच आणखी, याच इंजिनाची."

त्या हमीदभाईंकडे पाहत होत्या. हमीदभाईंनी मफलर सोडला. "बना देतऊं," ते म्हणाले. "दस दिन में भिजा देतऊं. सिलिकॉन के साथ."

दुपारच्या गाडीला प्राची आणि सुमन दोघी नामपल्लीला आल्या होत्या. सुमननं गोंगुऱ्याची बरणी कापडात बांधून दिली. प्राचीनं छापलेल्या सूचनांचा गठ्ठा दिला, हिंदीत, प्रत्येक पानाच्या मागे मराठीतही. मराठी तिनं हातानं लिहिलं होतं. तीन चुका होत्या. मी एकही दुरुस्त केली नाही. गाडी सुटताना गौतम खिडकीशी चार पावलं चालला. "थंडीत फोन कर," एवढंच म्हणाला. त्यानं पंचवीस वर्षं थंडीत काढली आहेत, पण ती आईस्क्रीमसाठी आणि मटारसाठी होती. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आय.टी.आय.त निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये मी आमच्या जीपला हीटर बसवला. बाकीचे पाच हमीदभाईंच्या पार्सलमधून आले, प्रत्येक कॉइल मलमलच्या तुकड्यात गुंडाळलेली. एक शाळेच्या गाडीला लावला, एक डाक नेणाऱ्या गाडीला, उरलेले वरच्या गावांत गेले. एका रात्री उंदरानं वायर कुरतडली, एकदा वीजच नव्हती आणि पुन्हा निखाऱ्यांवर यावं लागलं. हीटर म्हणजे सगळ्यावरचा इलाज नाही. डिझेल गोठण्याचं दुखणं वेगळं, बॅटरीचं वेगळं. पण बहुतेक सकाळी गाडी लागते.

डिसेंबरात, दिवस उजाडता उजाडता, दार वाजलं. वरच्या आळीतल्या अकरा वर्षांच्या यांगचेनला आईवडील घोंगड्यांत गुंडाळून घेऊन आले होते, तिच्या पोटात दुखत होतं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि अपेंडिक्स म्हणाल्या. खिडकीबाहेरच्या थर्मामीटरमध्ये उणे बावीस. मी रात्रीच लावून ठेवलेला प्लग काढला, वायर गुंडाळली आणि किल्ली फिरवली. गाडी लगेच लागली.

इतकी लगेच की कोणीच तयार नव्हतं. यांगचेनची आई अजून घोंगड्या गोळा करत होती. वडील एका पायात बूट घालून, दुसरा हातात घेऊन अंगणात धावत आले आणि चालू गाडी पाहून थबकले. जुन्या सवयीनं त्यांनी घमेलं आणि निखारे आणायला माणूस पाठवला होता. तीन तासांचा हिशेब मनात धरून ते तयारीला लागले होते.

"हो गया?" त्यांनी विचारलं.

"हो गया. बूट पहनो."

ते बर्फात तसेच बसले आणि नाडी बांधू लागले. घाईनं बोटं वळत नव्हती. यांगचेन मागच्या बाकावरून ओरडली, "अबा, जल्दी!" आणि पोट धरून कळवळता कळवळता हसली. मी गिअरवर हात ठेवून थांबले. आजवर या खोऱ्यात माणसंच गाडीची वाट पाहत आली होती. त्या सकाळी गाडी माणसाची वाट पाहत होती, आणि ती दोन मिनिटं मला कुणी कितीही लांबवली असती तरी चाललं असतं.